सज्ज्यातला खून

१

उपदेश संपला की त्या चर्चमध्ये ध्यानाची वेळ व्हायची. पाळकसाहेब वेदीपुढे गुडघे टेकायचे, मंडळी डोळे मिटून बसायची आणि मागच्या सज्ज्यातला ऑर्गन स्पीकरमधून हळूहळू पाझरत राहायचा. घरी बसून फोनवर उपासना बघणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तेवढा वेळ पडद्यावर नुसता क्रूस दिसायचा.

त्या रविवारी ऑर्गन मध्येच बंद पडला. सूर विरत गेला नाही, कोणी नरडं दाबावं तसा तुटला. दोनचार माना वर झाल्या. त्या शांततेत वरून एक घरघर ऐकू आली आणि पाठोपाठ काहीतरी जड धप्पकन पडलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून पाहिलं आणि किंकाळी फोडली. सज्ज्याच्या एका टोकाला साउंडची काचेची खोली होती. त्या काचेवरून रक्ताचे ओघळ उतरत होते.

कॅमेरा सांभाळणारा धाकटा जिना चढून आधी वर पोचला. साउंडवाला त्याचा सख्खा भाऊ. तो जमिनीवर पडला होता. माईकची काळी वायर गळ्यात इतकी रुतली होती की मांसात दिसेनाशी झाली होती. डोक्याची एक बाजू आत गेली होती. बाजूला माईकच्या स्टँडचं गोल लोखंडी बूड पडलेलं, त्याला केस चिकटलेले. आणि ते फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन ऑर्गन वाजवणारे मास्तर बसले होते, कोपरापर्यंत लाल.

"दादा!" धाकट्याने टाहो फोडला.

"धावा रे! कोणीतरी धावा!" मास्तर ओरडत होते.

धावत सगळेच आले. पण साउंडवाला कोणाच्या धावण्यासाठी थांबला नव्हता.

२

तपासाला आल्या त्या इन्स्पेक्टरना पोलीस ठाण्यात सगळे बाईसाहेब म्हणत. बोलायला मोजक्या, ऐकायला पक्क्या. म्हणजे एका कानाने. डावा कान लहानपणीच गेला होता, बापाच्या एका थपडेत. त्यामुळे समोरच्याकडे उजवी बाजू करून, मान किंचित तिरकी ठेवून त्या ऐकत. नव्या माणसाला वाटे, बाईंचा आपल्यावर विश्वास नाही. तेही खरंच असे.

"एवढा लोखंडी दणका," हवालदार घाम पुसत म्हणाला. "भांडण जुनं असणार, मॅडम."

बाईसाहेब साउंडच्या खोलीत मिक्सरसमोर उभ्या होत्या. सरकपट्ट्यांचा तो लांबरुंद बोर्ड रक्ताच्या शिंतोड्यांनी भरला होता. पण एका पट्टीवर शिंतोडे नव्हते, बोटांचे ओरखडे होते. रक्ताळलेल्या बोटांनी कोणीतरी ती पकडून अगदी तळापर्यंत ओढली होती.

"ही कशाची?"

दारात उभ्या धाकट्याने डोळे पुसले. "हॉलच्या स्पीकरांची. खाली ओढली की खाली बसलेल्यांना काही ऐकू येत नाही."

"तुझा भाऊ मरता मरता हे का करेल?"

"दादालाच ठाऊक."

बाईसाहेबांना मात्र उमगलं. सूर चालू असता तर मंडळी डोळे मिटून बसून राहिली असती. सूर थांबला म्हणूनच माना वर झाल्या. गळ्यात फास असलेल्या, ओरडता न येणाऱ्या माणसाची ती हाक होती.

मास्तर खाली बाकावर पाण्याचा पेला धरून बसले होते. देखणे, नीटनेटके, आवाज मधाळ. सज्ज्याच्या दुसऱ्या टोकाला ऑर्गन होता आणि त्याच्यापुढे पुरुषभर उंचीचा लाकडी आडोसा. वाजवणारा खालून कोणाला दिसत नसे. गायनवृंद कॅमेऱ्यासाठी खाली वेदीजवळ उभा राहू लागल्यापासून वर ही दोनच माणसं असत.

"काय झालं, सांगा."

"मी वाजवत होतो. एकाएकी स्पीकर बंद. या ऑर्गनला स्वतःचा आवाज नाही हो, सगळा मिक्सरमधून जातो. मला वाटलं, वायर सुटली. विचारायला म्हणून उठलो, दार उघडलं, तर..." मास्तरांनी ओंजळीत तोंड लपवलं.

"कोणाला पळताना पाहिलंत?"

"नाही. पण जिन्यावर पावलं वाजली. पळणारी होती की येणारी, देव जाणे."

हिशोब सरळ होता. पट्टीवरचं रक्त सांगत होतं की घाव आधी बसले, शांतता नंतर झाली. घाव बसत होते तेव्हा ऑर्गन वाजत होता, आणि ते तर अख्ख्या मंडळीने ऐकलं होतं. म्हणजे मास्तर सुटले. पाळकसाहेब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गुडघ्यांवर होते. उरला एकच. क्रूसावर कॅमेरा लावून ठेवून जो ध्यानाच्या वेळी जिन्यात जाऊन बसला होता.

"बाही वर कर," बाईसाहेब धाकट्याला म्हणाल्या.

त्याच्या मनगटावर नखांचे खोल ओरबाडे होते.

३

"काल भांडलो होतो," धाकटा म्हणाला. "त्याने मनगट धरलं, मी त्याच्या तोंडावर बुक्का मारला. ओठ फुटला त्याचा. काल. आज नाही."

"कशावरून?"

हवालदाराने दरडावलं, समजावलं, कोठडीचं चित्र रंगवलं. पोरगा तोंड उघडेना.

बाईसाहेब खोलीतल्या खणात शोधत होत्या. वायरी, बॅटऱ्या, चिकटपट्ट्या. त्यात गाणाऱ्यांनी कानात घालायची बोंडं होती. गाताना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून प्रत्येकाला एक जोडी. एका जोडीतलं मात्र डावं बोंड कापून टाकलेलं आणि वायरचं टोक चिकटपट्टीने नीट गुंडाळलेलं होतं.

"हे कोणाचं?"

धाकट्याने तिकडे पाहिलं आणि नजर चोरली. "मास्तरीणबाईंचं. डावं टोचतं म्हणाल्या, म्हणून दादाने कापून दिलं."

मास्तरीण म्हणजे मास्तरांची बायको, गायनवृंदाची मुख्य गायिका. ती मागच्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसली होती. गळ्यापर्यंत बंद पोशाख, हात मांडीत. बाईसाहेबांनी मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला उभं राहून हळूच विचारलं, "पाणी हवंय?"

उत्तर आलं नाही. त्या उजवीकडे आल्या आणि तेच पुन्हा विचारलं. मास्तरीण दचकली. "नको, नको."

बाईसाहेबांनी बाकीच्या बायकांना बाहेर काढलं आणि दार लोटलं.

"माझाही डावाच गेलाय," त्या म्हणाल्या. "बापाने मारलं होतं. तुला?"

मास्तरीण नखाने नख खरवडू लागली. मग पाठ केल्यासारखं बोलली, "मास्तर वाजवत होते. सगळ्यांनी ऐकलंय. त्यांचा काही संबंध नाही."

"मी मास्तरांचं नावसुद्धा काढलं नव्हतं, बाई."

तेवढ्यात अंगणातून आरडाओरडा ऐकू आला.

४

बातमीला पाय फुटले होते. भावाने भावाला मारलं! अंगणात माणसांचं कडं पडलं होतं आणि कड्याच्या मधोमध धाकटा. मघापर्यंत डोळे मिटून देवाचं नाव घेणारे हात आता मुठी वळून त्याच्यावर बरसत होते. कोणी बुटाने बरगड्यांत लाथ घातली, कोणी केस धरून डोकं फरशीवर आपटलं. हवालदार मध्ये शिरायला गेला आणि स्वतःच कोपर खाऊन परत आला.

"कायीन!" एक म्हातारा किंचाळत होता. "सख्ख्या भावाला मारणारा कायीन आहे हा!"

बाईसाहेबांनी पिस्तूल काढून हवेत गोळी झाडली. कडं फुटलं. धाकटा पालथा पडला होता. तोंडाखाली रक्ताचं थारोळं आणि त्यात एक दात.

"आता खरंच बोल," बाईसाहेब त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या. "नाहीतर हे लोक तुला माझ्या ताब्यात पोचू देणार नाहीत."

धाकटा रक्त थुंकला. "दादाचं नाव खराब होईल. लोक म्हणतील, परक्या बाईसाठी मेला. मी त्याला हेच सांगत होतो, लोकांच्या घरात नाक खुपसू नको. त्याने ऐकलं नाही. पाळकसाहेबांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक आहे."

पाळकसाहेब पायरीवरच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

आतल्या खोलीत त्यांनी दोनदा घसा साफ केला. मास्तरीण गाताना बिनवायरीचा माईक लावायची. एका रविवारी उपासना संपली, ती तशीच मागच्या खोलीत गेली आणि माईक बंद करायचा राहिला. लाइव्ह संपलं होतं, पण साउंडवाल्याच्या हेडफोनमध्ये आवाज येतच होता. सूर चुकल्याबद्दल मास्तर तिला विचारत होते. मग फटका ऐकू आला. मग आणखी फटके, आणि तिचं तोंड दाबून रडणं. साउंडवाला धावत खाली गेला तोवर तिच्या कानातून रक्त यायला लागलं होतं.

"तो माझ्याकडे आला. म्हणाला, या रविवारी उपासना संपली की तिला आमच्या घरी नेतो, आईजवळ ठेवतो, मग पोलिसांत जाऊ."

"आणि तुम्ही?"

"मला वाटलं, नवराबायकोचं आहे, चार शब्द सांगून मिटेल. आज सकाळी मास्तरांना बाजूला घेतलं. म्हटलं, हात आवरा, ती आज घर सोडून चालली आहे."

"हे कोणाकडून कळलं, तेही सांगितलंत?"

पाळकसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे वाघाला शेळीचा पत्ता तुम्हीच दिलात," बाईसाहेब म्हणाल्या.

मारायला कारण सापडलं होतं. पण घाव बसत होते तेव्हा मास्तर ऑर्गनवर होते. ती गाठ सुटत नव्हती, आणि ती सुटल्याशिवाय हातात बेडी पडणार नव्हती.

"आजचं लाइव्ह दाखवा मला."

"मी काढून टाकलं," पाळकसाहेब पुटपुटले. "लोकांनी ते बघू नये म्हणून."

५

साउंडवाल्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. कमरेखालचा भाग लुळा. शेजारच्या बायका दारात ताटकळत होत्या, पण आत जायची कोणाची छाती होत नव्हती. म्हातारी उशाला टेकून कोरड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडली होती. छातीवर फोन, गळ्यात हेडफोन.

"दर रविवारी मी इथूनच उपासना ऐकते," ती स्वतःहूनच बोलू लागली. "लेकाने हे घेऊन दिलं. म्हणायचा, आई, तुला हॉलमध्ये बसणाऱ्यांपेक्षा जास्त ऐकू येईल, वर छताला माईक टांगलेत खास तुमच्यासाठी. कोण खोकलं तेसुद्धा कळेल."

"आज काय ऐकलंत, आई?"

"धाकट्याचा टाहो ऐकला. दादा, दादा म्हणून. तेव्हाच समजले. आईला सांगावं लागत नाही." तिने गळ्यातला हेडफोन चाचपला. "पण बाई, एक विचारते. तो ऑर्गनवाला माणूस आहे की दगड? माझं लेकरू तिथे फुटलं, धाकटा गुरासारखा ओरडतोय, बायका किंचाळताहेत, कोणीतरी धावा धावा म्हणून बोंबलतंय, आणि हा आपला वाजवतोय! कडवं पूर्ण केलं त्याने. शेवटचं आमेनसुद्धा सोडलं नाही. एक सूर हलला नाही मेल्याचा."

बाईसाहेबांनी आपला चांगला कान तिच्या तोंडाजवळ नेला. "ऑर्गन थांबला नाही? नक्की?"

"माझे पाय गेलेत, कान नाही गेले."

"पण हॉलमध्ये तर सगळं बंद पडलं होतं!"

"हॉलचं हॉलला. घरी ऐकणाऱ्यांसाठी वाट वेगळी असते. माझा लेकच सांगायचा, आई, तिकडची पट्टी निराळी आणि तुझी पट्टी निराळी."

बाईसाहेब उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हातारीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. मग निघाल्या. बाहेर येताच हवालदाराला म्हणाल्या, "धाकट्याला दवाखान्यातून उचल. त्याच्या कॅमेऱ्यात घरच्या पट्टीचा आवाज असलेलं मूळ चित्रण असणारच. आणि मास्तरांना चर्चमध्ये बोलाव. बायकोसकट."

६

दुपारचं ऊन रंगीत काचांतून सज्ज्यात पडलं होतं. मास्तर ऑर्गनच्या बाकावर बसले, मास्तरीण त्यांच्यामागे, हवालदार बाजूला. पट्टी बांधलेला धाकटा आडोशाला टेकून उभा होता, आणि पाळकसाहेब दूर, कठड्याशी. साउंडच्या खोलीतून बाईसाहेबांनी चित्रण हॉलच्या स्पीकरांवर लावलं आणि त्या ऑर्गनपाशी आल्या.

संथ सूर वाजू लागला. मग घरघर. मग पडल्याचा आवाज. सूर चालूच. बायकांच्या किंकाळ्या. 'दादा!' सूर चालूच. आणि त्या सुरावरच चढलेला मास्तरांचा मधाळ आवाज, 'धावा रे! कोणीतरी धावा!'

"मास्तर," बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही साउंडच्या खोलीत मढं मांडीवर घेऊन बसला होतात. मग इथे वाजवत कोण होतं?"

मास्तरांनी ऑर्गनकडे पाहिलं.

"हा ऑर्गन एकदा वाजवलेलं लक्षात ठेवतो. बटण दाबलं की स्वतःच पुन्हा वाजवतो. तुम्ही तो चालू करून उठलात. साउंडवाल्याच्या कानात हेडफोन, पाठ दाराकडे. मागून वायर गळ्यात टाकली आणि बूड हाणलंत. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पण तो लगेच मेला नाही. हॉलचा आवाज त्याने बंद केला. लोक वर बघायला लागले, तुम्हाला पळता येईना, म्हणून डोकं मांडीवर घेतलंत. म्हणजे अंगावरच्या रक्ताचाही खुलासा झाला. तुम्हाला वाटलं, हॉल मुका झाला म्हणजे सगळंच मुकं झालं. घरी ऐकणाऱ्यांसाठी मात्र तुमचं यंत्र आमेनपर्यंत वाजत राहिलं."

"तो माझी बायको पळवत होता," मास्तर शांतपणे म्हणाले. आवाज अजून मधाळच होता. "माझी."

आणि बोलता बोलताच त्यांनी बाक उचलून हवालदाराच्या तोंडावर घातला. नाकाचं हाड कडकन मोडलं. बाईसाहेबांचा हात कमरेकडे गेला तोच त्यांनी बायकोचे केस धरून तिला पुढ्यात ओढलं. पिस्तूल चालवायला जागाच उरली नाही. धाकटा मास्तरांच्या पाठीवर झेपावला, तर बरगडीत कोपर बसून आडोशावर जाऊन कोसळला. मास्तरांनी बायकोला ऑर्गनवर उताणी पाडली. एका हाताने तिचा गळा दाबला, दुसरा हात आधारासाठी पट्ट्यांवर रोवला. ऑर्गन चालू होता. अख्खं चर्च एका भेसूर, बेसूर गर्जनेने भरून गेलं.

"सूर!" ते तिच्या तोंडावर थुंकत ओरडत होते. "तुला साधा सूर धरता येत नाही!"

मास्तरिणीचा चेहरा काळानिळा पडत चालला होता. तिचा हात डोक्यामागे चाचपडत गेला आणि ऑर्गनच्या जाड लाकडी झाकणाची कड हाताला लागली. होतं नव्हतं ते बळ एकवटून तिने ते खाली खेचलं.

झाकण मास्तरांच्या बोटांवर पडलं. वाळकी काटकी मोडावी तसे आवाज आले. मास्तर किंचाळले, गळ्यावरचा हात सुटला. मास्तरीण उठली आणि ते झाकण दोन्ही हातांनी धरून तिने पुन्हा दाबलं. अंगाचा सगळा भार टाकून दाबत राहिली, ऑर्गन बोंबलत राहिला.

"पुरे," बाईसाहेब म्हणाल्या. तिला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मास्तरांच्या मोकळ्या मनगटात बेडी अडकवली. "पुरे, पोरी. आता माझ्याकडे दे."

७

पाळकसाहेबांनी त्याच आठवड्यात पद सोडलं. त्याआधी ते म्हातारीला भेटायला गेले होते. तिने धाकट्याकरवी दारातच निरोप दिला, "म्हणावं, माझ्यासाठी प्रार्थना नको. तुमच्यासाठी करा, लागेल."

मास्तरिणीला बाईसाहेब स्वतः गाडीतून त्या घरी घेऊन आल्या. तिनेच हट्ट धरला होता. पायऱ्यांवर मात्र ती थांबली. गळ्यावर बोटांचे वळ हिरवे पडले होते.

"मला बघून त्यांना काय वाटेल?"

"ते मला काय ठाऊक! विचार जाऊन."

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू कोण?"

"तुमचा मुलगा... माझ्यामुळे गेला."

धाकट्याने मान फिरवली.

"मारणाऱ्यामुळे गेला," म्हातारी म्हणाली. "हे पुन्हा माझ्यासमोर बोलायचं नाही. त्याने तुला इथे आणायचं ठरवलं होतं ना? मग उशीर झाला एवढंच. चपला काढ. ती उशी वर सरकव माझी. धाकट्याला ते अजून नीट जमत नाही."

मास्तरीण पुढे वाकली. उशी सरकवता सरकवता तिचे हात थांबले. म्हातारीने तिच्या पाठीवर हात टेकवला मात्र, आणि तिचे स्वतःचे इतके दिवस कोरडे राहिलेले डोळे वाहू लागले. धाकटा दाराशी उभा राहून भिंतीकडे तोंड करून रडू लागला.

बाईसाहेबांनी दार हलकेच ओढून घेतलं. खाली गाडीत हवालदार नाकाला पट्टी लावून बसला होता.

"झालं, मॅडम?" त्याने गेंगाण्या आवाजात विचारलं.

"त्या घराचं आता सुरू होईल," त्या म्हणाल्या. "गाडी काढ."